व्याह्यांबरोबर हरणाच्या शिकारीला

पुण्यात कुणी "या ना एकदा घरी" असं म्हटलं की आपण "येऊ की, नक्की येऊ" म्हणतो आणि दोन्ही बाजू निश्चिंत मनाने आपापल्या वाटेला लागतात. यात कुणी कुणाला फसवत नाही. येणं होणार नाही हे दोघांनाही ठाऊक असतं, आणि तरी बोलावलं, तरी हो म्हटलं, याचं समाधान दोघांच्या पदरात पडतं. ही व्यवस्था किती सुंदर आहे ते मला जर्मनीत येऊन कळलं. कारण आमच्या श्रीरंगांनी हेच वाक्य जर्मन भाषेत एका जर्मन माणसापुढे उच्चारलं, आणि त्या माणसाने खिशातून डायरी काढली.

तो माणूस म्हणजे डॉक्टर योआखिम रोटमान. निवृत्त दंतवैद्य, विधुर, आणि झालेच तर आमचे व्याही. हे 'झालेच तर' माझ्या जिवाला लागून राहिलं होतं. त्यांचा मुलगा लेनार्ट आणि आमची तनया यांना मे महिन्यात लग्न करायचं होतं. लेनार्ट गोड मुलगा आहे, वरणभात हाताने कालवून खातो. पण वडील! दोन वर्षांत त्यांच्या तोंडून "गुटन टाग" आणि "आहा" याखेरीज तिसरा शब्द मी ऐकला नव्हता. लग्नाचा विषय निघाला की ते खिडकीबाहेर बघायला लागत. खिडकीबाहेर काय आहे म्हणून मीसुद्धा एकदा पाहिलं. झाड होतं.

त्या रविवारी आम्ही बाड हॉम्बुर्गहून त्यांच्या टाउनुसच्या डोंगरातल्या घरी कॉफी-केकला गेलो होतो. भिंतीभर हरणांची शिंगं, प्रत्येकाखाली साल. बैठकीत शांतता. श्रीरंगांना शांतता सोसत नाही, त्यांच्या ऑफिसात मीटिंगमध्ये कुणी बोलेनासं झालं की हे हवामानावर बोलतात. इथे हवामान संपलं होतं. मग शिंगांकडे बघून हे म्हणाले, "शिकार फारच रंजक असणार. एकदा पाहायला पाहिजे."

डायरी निघाली. "ऑक्टोबरचा पहिला शनिवार," डॉक्टर म्हणाले. "पहाटे. मी न्यायला येईन."

गाडीत बसल्यावर मी तोंड उघडलं. "अहो, तुम्ही घरातला कोळी पोस्टकार्डावर घेऊन बाल्कनीत नेऊन सोडता!"

"मी सहज म्हटलं गं."

"सहज काय बाबा!" तनया मागच्या सीटवरून ओरडली. "तुम्हाला कळतंय का काय झालं ते? लेनार्टची आई गेल्यापासून त्यांनी त्यांच्या मचाणावर कुणाला नेलेलं नाही. लेनार्टलासुद्धा नाही! आता तुम्ही नाही म्हणालात ना, तर ते परत कध्धी विचारणार नाहीत. कशालाच."

नाही म्हणायची सोयच उरली नव्हती. आमच्या सात पिढ्यांत कुणी मासासुद्धा शिजवलेला नाही, आणि मुलीच्या लग्नासाठी हरणाच्या मागे जायचं आमच्या नशिबी आलं.

श्रीरंग पडले सॉफ्टवेअरचे माणूस. कुठल्याही कामाची सुरुवात ते काय काय बिघडू शकेल इथून करतात. त्यांनी आधी विमा कंपनीला फोन लावला. मी शेजारीच बसले होते.

"आपण गोळी झाडणार आहात का?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"नाही. मी नुसता बसणार आहे."

"मग दुसऱ्या कुणाची गोळी आपल्याला लागणार आहे का?"

"तसा बेत नाही."

"आल्झो, मग हा आमचा विभाग नव्हे," असं म्हणून बाईंनी फोन पुढे दिला. पुढच्या गृहस्थांनी कुत्र्याची जात विचारली. कुत्रा नाही म्हटल्यावर ते सर्दच झाले. शिकारीला कुत्र्याशिवाय कसं जाता येईल, म्हणाले. फोन संपला तेव्हा श्रीरंगांच्या हाती, आमच्याकडे नसलेला कुत्रा कुणाला चावल्यास लागू होणाऱ्या विम्याचा उत्तम प्रस्ताव आला होता. इतक्या गांभीर्याने नसलेल्या कुत्र्याची काळजी घेणाऱ्या या देशापुढे मी कैकदा नतमस्तक होते.

पुण्याला सासूबाईंना सांगावं की नाही यावर आमचं एकमत होत नव्हतं. शेवटी व्हिडिओ कॉलवर श्रीरंगांच्याच तोंडून निसटलं. मी डोळे मिटून घेतले.

"हरीण?" आईंचा चेहरा उजळला. "अरे मग तुझ्या भाच्याच्या, ओजसच्या मुंजीला मृगाजिनाचा तुकडा मिळतो का बघ ना! हल्ली इथे कुणाकडे मिळत नाही, गुरुजी कागदाचंच चालवून घेतात."

"आई, त्यावर कायद्याने बंदी आहे," श्रीरंग म्हणाले.

"तेच म्हणते मी, इथे बंदी आहे. तिकडे आयतं मिळतंय तर! शुभा, तू लक्ष ठेव गं, हा विसरेल. आणि त्याला स्वेटर घालायला लाव."

खरा मोडता घातला तो मुक्ताने. मुक्ता माझी मैत्रीण, लुडविग्सहाफेनला असते, रसायनशास्त्रातली डॉक्टर. तिला कुठलीही अडचण सांगितली की ती आधी त्या अडचणीतले घटक वेगळे करते. मी बंदुकीची भीती सांगत होते. तिने मध्येच तोडलं.

"शुभा, प्रश्न बंदुकीचा नाहीच आहे. प्रश्न हिंगाचा आहे."

"हिंगाचा?"

"हिंगात गंधकाची संयुगं असतात. ती लोकरीत, केसांत, सगळीकडे जाऊन बसतात. हरणाचं नाक म्हणजे काय वाटलं तुला? तुझी आमटी त्याला फ्रांकफुर्टपासून कळेल. श्रीरंग मचाणावर बसले की जंगल रिकामं. आणि मग तुझे व्याही काय म्हणतील?"

"आहा म्हणतील," मी म्हटलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात फोडणी बंद झाली. हिंग, मोहरी, लसूण, कढीपत्ता सगळं डब्यांत घालून तळघरात सायकलींजवळ ठेवलं. उकडलेला बटाटा, उकडलेला फ्लॉवर, उकडलेले आम्ही. श्रीरंग ताटाकडे बघून म्हणाले, "हरणं तरी याहून बरं खात असतील." त्यांना शॅम्पूची, दाढीच्या साबणाचीही बंदी झाली. त्यांच्या ऑफिसात कुणीतरी, घरी सगळं ठीक आहे ना, अशी आस्थेने चौकशी केल्याचं कानावर आलं.

लेनार्ट वडिलांचा जुना लोडन कोट, बूट आणि दुर्बीण आणून देऊन गेला. लोडन म्हणजे हिरवी, जाडजूड, घट्ट विणलेली लोकर. मी तो कोट हातात घेतला आणि आवाजच येईना त्याचा. घडी घातली तरी नाही, झटकला तरी नाही. इतका मुकाट कपडा मी जन्मात पाहिला नव्हता. आपल्या पैठणीला कपाटात ठेवलं तरी ती बोलते. मी कितीतरी वेळ तो कोट नुसता हलवून बघत राहिले.

मुक्ताच्या सांगण्यावरून मी तो बाल्कनीत वारा लागायला टांगला. लगेच बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ क्लाइन, हातात घराच्या नियमांचा कागद. आजवर या बाईंनी माझ्या पायपुसण्याची जाडी, माझ्या मिक्सरची वेळ आणि माझ्या कुंडीतलं पाणी या विषयांवर माझ्याशी संवाद साधलेला आहे.

"कठड्याच्या वर दिसेल असं काही टांगायचं नाही," त्या म्हणाल्या, आणि पुढे बघतच राहिल्या. "हा लोडन आहे? शिकारीचा?"

मी हो म्हटलं. बाईंचे डोळे भरून आले हो! त्यांचे वडील शिकारी होते. कागद घडी करून त्यांनी एप्रनच्या खिशात टाकला, खाली गेल्या आणि स्प्रूसच्या फांद्यांची मोळी घेऊन आल्या. जंगलाचा वास यावा म्हणून त्या फांद्या त्यांनी कोटाच्या बाह्यांत कोंबल्या. मग माझे दोन्ही दंड धरून बजावलं, "नवऱ्याला शुभेच्छा द्यायच्या नाहीत. अपशकुन होतो. फक्त शिकाऱ्यांचा नमस्कार म्हणायचा, 'वाइडमान्सहाइल!'" मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडून परत म्हणवून घेतलं. बाह्या फुगलेला तो कोट आमच्या बाल्कनीत एखाद्या पहारेकऱ्यासारखा उभा राहिला आणि संपूर्ण इमारत मला नमस्कार करू लागली.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग आली खंडेनवमी.

माझ्या हातून खंडेनवमीची पूजा कधी चुकलेली नाही. पाटावर कात्री, विळी, कुकर, श्रीरंगांचा लॅपटॉप आणि गाडीची किल्ली मांडली. आणि समोर ती दुर्बीण होती. अहो, दरवर्षी कुकरची पूजा करणाऱ्या बाईने ऐन शिकारीच्या आठवड्यात शिकाऱ्याची दुर्बीण वगळायची? मी ती पाटावर घेतली. बूट पाटाखाली. कोट खुर्चीवर बसवला. हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, धूप दाखवला, कापूर लावून आरती केली. मन कसं प्रसन्न झालं. आरती संपता संपता तनया आत आली.

"मामा! वास हास्ट डू गेमाख्ट!" लेकीला धक्का बसला की मराठी सुटते. मामा म्हणजे मी, आई; काय करून ठेवलंस, म्हणत होती. दुर्बिणीच्या काचेवर माझं हळदीचं बोट स्वच्छ उमटलं होतं. आणि कोट! आठवडाभर वाऱ्याने धुऊन काढलेल्या कोटातून धूप आणि कापूर असा दरवळत होता की कुणी त्याला प्रदक्षिणा घातली असती.

मी मुक्ताला फोन केला.

"कापूर?" ती म्हणाली. "शुभा, आता फक्त देवळातलं हरीण येईल."

कॉलरवरचा हळदीचा डाग तरी काढावा म्हणून मी साबण लावला. डाग बघता बघता लालभडक झाला. पुन्हा मुक्ता. "साबण लावलास ना? हळद लाल होते त्याने," ती शांतपणे म्हणाली. जणू ही माहिती मला आधी सांगण्यात काही रसायनशास्त्रीय अडचण होती. कोटाकडे बघितलं तर शिकार होऊन गेल्यासारखी वाटत होती.

शुक्रवारी श्रीरंगांनी उरलंसुरलं काम तडीस नेलं. मचाणाची शिडी उभी असते, तिची सवय हवी म्हणून हे मुलांच्या श्पीलप्लात्झवर गेले आणि घसरगुंडीच्या शिडीवर चढउतार करू लागले. खाली पोरं रांगेत, त्यांच्या आया मोबाईल हातात घेऊन. वरच्या पायरीवर यांच्या कमरेत उसण भरली. पुढे जायचं तर घसरगुंडी, मागे पोरं. हे घसरगुंडीवरून खाली आले आणि तिथेच आडवे राहिले. उसण भरणं याला जर्मनीत चेटकिणीची गोळी लागली असं म्हणतात. म्हणजे आमच्या शिकारीतली पहिली गोळी झाडून झाली होती.

आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी अंथरुणावरून हलायचं नाही म्हणून सांगितलं. तनया दाराशी उभी होती. "कळवून टाकते मी त्यांना," एवढंच म्हणाली. रागावली नाही, जर्मनही बोलली नाही. मला ती एकदम इथल्या शाळेत पहिल्या दिवशी दप्तर घेऊन उभी होती तशी दिसली, भाषा येत नसलेली, पण रडायचं नाही असं ठरवलेली.

"कळवायचं काही नाही," मी म्हटलं. "मी जाते."

श्रीरंग उठायला गेले आणि विव्हळले. "तू? अगं तुझं जर्मन!"

माझं जर्मन कुठल्या वर्गातलं नाही. ते मी बेकरीच्या रांगेत आणि टीव्हीवरच्या पोलिसांच्या मालिका बघून शिकले. त्यामुळे पावाचे सगळे प्रकार आणि प्रेताविषयी जे काही बोलायचं असतं ते मला उत्तम येतं. शिकारीला याहून जास्त काय लागतं?

पहाटे गाडी आली. डॉक्टर रोटमान उतरले. समोर त्यांच्याच कोटात बुडालेली मी, कॉलर लाल, दुर्बीण गळ्यात, बुटात दोन दोन मोजे कोंबलेले. त्यांनी डागाकडे पाहिलं. मग नाक किंचित वर केलं.

"रेलिगिओन," मी म्हटलं. मला दुसरा शब्द सुचला नाही.

"आहा," ते म्हणाले, आणि दार उघडून धरलं.

मचाणाची शिडी मी कशी चढले ते देव जाणे. वर एक फळी, त्यावर आम्ही दोघे, मध्ये बंदूक. समोर झाडांनी वेढलेलं कुरण, त्यावर धुकं साचलेलं. पानाचा आवाज नाही, पाखराचा नाही. मला आयुष्यात प्रथमच माझा स्वतःचा श्वास फार मोठा वाटू लागला. कापराचा वास सुटला होता तो सुटलाच होता. डॉक्टरांनी बोट ओलं करून वर धरलं आणि कुजबुजले, "वारा आपल्याकडे येतोय. देव मागच्या बाजूला गेला." मी चमकून पाहिलं. चेहरा होता तसाच. पण त्या माणसाने विनोद केला होता!

आणि तेव्हाच तो आवाज आला.

कशासारखा म्हणून सांगू? डोंगराच्या पोटातून कुणी अवजड लोखंडी दार ओढत उघडावं तसा. तो कानाला कळायच्या आधी फळीला कळला आणि फळीकडून माझ्या हाडांना. मग धुक्यातून शिंगं आली. आधी नुसती शिंगंच, जणू एखादं निष्पर्ण झाड चालत यावं. मग मान, मग तो सबंध नर. उघड्यावर येऊन उभा राहिला, डोकं मागे टाकलं आणि पुन्हा हंबरला; तोंडातून वाफेचा लोट निघाला. मी तोंडावर हात दाबून धरला होता. दुर्बीण गळ्यातच राहिली. हरीण म्हणजे पाठ्यपुस्तकातलं, भित्र्या डोळ्यांचं, असं माझ्या डोक्यात होतं. हा तर राजा होता, आणि आम्ही त्याच्या दरबारात चोरून शिरलो होतो.

डॉक्टरांनी बंदुकीला हातसुद्धा लावला नाही. "हा नाही," एवढंच कुजबुजले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, किंवा धुकं असेल.

राजा झाडीत गेला. बऱ्याच वेळाने दुसऱ्या कडेने एक लहान नर आला, एकेकच सरळ शिंग असलेला. त्याचा मागचा पाय नुसता लोंबत होता. तीन पायांवर उडी, थांबणं, पुन्हा उडी. डॉक्टर हलले. "हिवाळा याला फार हाल करून मारील," ते म्हणाले, आणि बंदूक खांद्याला लागली.

मला खोकता आलं असतं. एवढंसं खोकले असते तरी तो पळाला असता, तीन पायांवर का होईना. माझ्या सात पिढ्या माझ्या घशात येऊन उभ्या राहिल्या. मी त्या लोंबत्या पायाकडे पाहिलं. आणि गिळलं.

आवाज झाला. तो जागच्या जागी खाली बसला.

मी उठायला लागले तर डॉक्टरांनी हात आडवा केला. "थांबायचं. त्याला जाऊ द्यायचं. आपण घाई केली तर तो घाबरेल." आम्ही तसेच बसून राहिलो. उजेड हळूहळू कुरणावर उतरला. मारणारा माणूस मेलेल्याच्या सोबतीला असा बसून राहतो हे मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

खाली गेल्यावर डॉक्टरांनी आधी टोपी काढली. मग स्प्रूसची एक छोटी फांदी तोडली, गुडघ्यांवर बसले आणि हरणाचं तोंड दोन बोटांनी उघडलं. जन्मभर माणसांची तोंडं उघडलेला हात तो. दुखणार नाही अशा बेताने उघडलं. फांदी आडवी आत ठेवली.

"शेवटचा घास," ते म्हणाले. "आमची रीत आहे. त्याचं ऋण."

माझे हात आपोआप पिशवीकडे गेले, पाण्याची बाटली निघाली.

"आमच्याकडे माणसाच्या तोंडात ठेवतात," मी म्हटलं. "तुळशीचं पान. आणि थोडं पाणी."

"कुठल्या माणसाच्या?"

"घरच्या. जाताना."

त्यांनी हातातली टोपी गवतावर ठेवली. मग हरणाकडे बघत म्हणाले, "माझ्या मार्गारेटेच्या हातात मी फांदी ठेवली होती. नर्स म्हणाली, हे स्वच्छ नाही. काढून घेतली." त्यांनी हरणाच्या तोंडातली फांदी सरळ केली. "पाणी मला सुचलं नाही."

मी बाटलीचं झाकण उघडलं आणि त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती दोन्ही हातांत घेतली आणि चार थेंब त्या मिटल्या ओठांवर सोडले, फार सावकाश. मग आणखी थोडे. ते आता त्या हरणासाठी नव्हते हे मला कळत होतं. मी दुसरीकडे बघितलं.

त्यानंतरचं सुरीचं काम मी एका झाडाकडे तोंड करून ऐकलं. त्याविषयी मी कुणाला काही सांगणार नाही.

मग त्यांनी शिंगांना दोर बांधला आणि एक टोक माझ्या हातात दिलं. गाडी वर, चढावर. आम्ही ओढू लागलो. दोन पावलं जायचं, धापा टाकायच्या, पुन्हा ओढायचं. तेवढ्यात डॉक्टर पुढे बघतच म्हणाले, "मे महिन्यात. लग्नात मुलाच्या वडिलांचं काम काय असतं?"

माझ्या हातातला दोर सुटता सुटता राहिला.

"काही नाही," मी म्हटलं. "तुम्ही फक्त रुसायचं असतं."

'रुसणं' बेकरीत शिकवत नाहीत. मी गाल फुगवून, मान फिरवून करून दाखवलं. त्यांनी लक्षपूर्वक पाहिलं.

"कशासाठी?"

"कारण लागत नाही. मान राहिला, पानात काही कमी पडलं, काहीही. मग आम्ही येऊन समजूत घालायची."

"किती वेळ रुसायचं?"

"गोड वाढेपर्यंत."

डॉक्टर रोटमान दोर धरून उभे राहिले. हा माणूस कुठलीही गोष्ट विचार केल्याशिवाय कबूल करत नाही.

"ते मला जमेल," ते शेवटी म्हणाले. "मार्गारेटे म्हणायची, मला तेवढं एकच जमतं." आणि ते हसले. दात सगळे दिसले. अर्थातच उत्तम होते.

आम्ही पुन्हा ओढायला लागलो. मागे, धुक्याच्या पलीकडे, तो राजा आणखी एकदा हंबरला. अख्खा डोंगर आमच्या पायांखाली थरारला. मी तिथल्या तिथे हात जोडले असते. पण दोर सोडला असता तर माझे व्याही हरणासकट उतारावरून खाली गेले असते.